भिकूमामांची दहा मिनिटं

भिकू तांबे यांच्या मनगटावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं असतं ही गोष्ट जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे, अशी त्यांची अडतीस वर्षांची समजूत होती. आता रत्नागिरीतल्या आळीत गुपित टिकून टिकून किती टिकणार, तर फार फार तर दुपारच्या चहापर्यंत. मामांनी रस्त्यात कुणाला ‘सव्वानऊ झाले’ म्हणून सांगितलं की ऐकणारा मान डोलवायचा, मनात दहा वजा करायचा आणि नऊ-पाच धरून चालू पडायचा. भिंतीला लागून राहणारा धोंडू तर रोज सकाळी पावसची एसटी याच हिशेबावर पकडायचा. स्वतःचं घड्याळ त्याने कधी घेतलंच नाही. तोंडावर मात्र कुणी काही बोललं नाही. मामा वेळ सांगायचे तीच इतक्या अदबीने, घसा खाकरून, की त्यात चूक काढणं म्हणजे देणाऱ्याच्या ताटातला खडा दाखवण्यासारखं वाटायचं.

मामा कॉलेजात शिपाई. सहासष्ट साली लागले, सत्त्याण्णवला रिटायर झाले. एकतीस वर्षं त्यांनी ऑफिसच्या पडवीत टांगलेल्या पितळेच्या जाड थाळीवर लाकडी मोगरीने तासांचे टोल दिले. म्हणजे माणूस रिटायर झाला, पण त्याचे कान काही झाले नाहीत. सकाळी साडेदहाला ते अंगणात उगाचच ताठ उभे राहायचे. मग आतून नंदामामी विचारायच्या, “वाजवलात काय? झालं असंल तर आत या.”

घड्याळ पुढं ठेवायची सवय त्यांच्या वडिलांनी लावलेली. घराण्यातला पहिला पगारी माणूस कॉलेजात निघाला, तेव्हा म्हाताऱ्याने दारात थांबवून सांगितलं होतं, “दुसऱ्याला उशीर झाला तर उशीर झाला म्हणतात. आपल्याला झाला तर आपली जात काढतात.” भिकू तांबे ऐकून निघाले आणि गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत घड्याळाची चावी ओढून काटा दहा मिनिटं पुढं सरकवला. तो तिथंच राहिला. कॉलेजचं कुलूप प्राचार्यांनी कधी उघडलं नाही, ते भिकूनेच उघडलं. टोल मात्र ते ऑफिसातल्या भिंतीवरच्या घड्याळाबरहुकूम द्यायचे. मनगटावरचं घड्याळ हे वेळेआधी पोचण्यासाठी आणि भिंतीवरचं वेळ पाळण्यासाठी, अशी त्यांची वाटणी होती.

तर गोष्ट दोन हजार चार सालची. बी.एस्सी.च्या चौऱ्याहत्तरच्या वर्गाला तीस वर्षं झाली. वर्ग पार पांगलेला. त्यातल्या अभय खातूने मस्कतमधून इंटरनेटवर वर्गाचा एक गट काढला. आधी नुसत्या ई-मेली चालायच्या. कुणाला जावई आला, कुणाला कसली गोळी लागली, अमक्या फोटोत मागच्या रांगेत चष्मा लावलेला तो कोण. मग न्यू जर्सीतल्या रेणुकाने टूम काढली, की पन्नाशी ओलांडलेल्या माणसांनी नुसत्या साखरा मोजत बसू नये, दर रविवारी एकाने आपल्याला कळतं त्या विषयावर वीस मिनिटं बोलावं आणि बाकीच्यांनी वीस मिनिटं प्रश्न विचारावेत. कॉम्प्युटरवर एकमेकांचा आवाज ऐकू येण्याची सोय झालीच होती. आपल्याकडे संध्याकाळी साडेसात, रेणुकाकडे सकाळचे दहा.

रत्नागिरीची शाखा म्हणजे परशुराम लिमये. पावसला हापूसची बाग, घर शहरात, आणि घरात इंटरनेट नाही. तो स्कूटर घेऊन यायचा तो तुळसाकडे. तुळसाबाईंचं आधी पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ होतं. फोन घरोघरी झाले तसे तिने चार कॉम्प्युटर आणून सायबर कॅफे केला, पण काचेची केबिन काही काढली नाही. खाजगी बोलायचं त्याने केबिनमध्ये बसायचं. त्या केबिनमधला शब्द न् शब्द बाहेर ऐकू येतो, हे तुळसाने कुणाला सांगितलं नव्हतं. आळीला या वर्गाची इतकी बित्तंबातमी कशी, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर त्या काचेत आहे.

पहिलं व्याख्यान परशुरामचं झालं. विषय, आंब्याचा मोहोर. पंचावन्न मिनिटं बोलून तो जेमतेम पौष महिन्यापर्यंत आला होता. कैरी धरायची अजून बाकीच होती. दुसऱ्या रविवारी अभयने समुद्राचं पाणी गोडं करायला घेतलं, ते पाऊण तास झाला तरी खारटच. तिसऱ्या रविवारी दोघेजण एकाच वेळी बोलले आणि दोघांनाही आपण एकटेच बोलतोय असं वाटत राहिलं. अडचण अशी होती, की समोर माणूस बसलेला असला तर आपण खोकतो, घड्याळाकडे बघतो, खुर्ची सरकवतो. इथं खोकलेलं मस्कतला सर्दी वाटायची. ‘वेळ झाली’ असं टाइप केलं तर बोलणाऱ्याचं लक्ष पडद्याकडे कुठलं, तो डोळे मिटून रंगलेला. शेवटी कुणीतरी टाइप केलं, ‘भिकूमामा पाहिजे होते.’

तो विनोद होता. पण विनोद आणि काम यातला फरक लिमयांच्या घरात कुणालाच कळत नाही. सोमवारी सकाळी परशुराम मामांच्या दारात.

“मामा, टोल द्यायचेत.”

“कुठं?”

“तुळसाकडे. अमेरिकेपर्यंत ऐकू जातील.”

मामांनी घसा खाकरला. “एवढ्या मोठ्यानं नाय वाजवला कधी.”

मोगरी मामांकडे होती. निरोपाच्या वेळी कॉलेजने शाल-श्रीफळाबरोबर ती त्यांना देऊन टाकली होती, कारण तोवर विजेची घंटा बसली होती. थाळी मात्र कॉलेजच्या कोठीत कुठंतरी पडलेली. मग नंदामामींची माहेरून आलेली पितळी परात निघाली. मामींनी ती दिली, पण अट घालून. “कडेला वाजवा. मधे पोचा आला तर अमेरिकेला सांगा काढून द्यायला.”

पुढच्या रविवारी मामा पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून तुळसाच्या केबिनमध्ये बसले. मांडीवर परात, हातात मोगरी, समोर भिंतीवर तुळसाचं घड्याळ. ठरलं असं, की पंधरा मिनिटांना एक टोल, अठराला दोन, आणि वीसला लांबलचक घंटा. तुळसाने माइकची दांडी परातीपुढं धरली. बोलणारा होता अभयच, त्याला पाणी गोडं करून पुरं करायचं होतं. वीसला घंटा झाली आणि अभय वाक्याच्या मधोमध गप्प झाला. नंतर त्याच्या बायकोने सांगितलं, की तो खुर्चीतून उठून उभाच राहिला आणि हातात वही नाही म्हणून गोंधळला. रेणुकाने तिकडे पेनाचं टोपण लावलं. मग एकजण म्हणाला, “मामा, डबा खायची सुट्टी का ही?” आणि तिथून वर्गाला शिस्त लागली.

मामांना तर वयाची तीस वर्षं परत मिळाली. रविवारी दुपारपासून परात चिंचेने घासून लख्ख. आळीतून जाताना परात काखेत अशी धरायची, की चारजणांनी विचारलंच पाहिजे. चारजण विचारायचेही. मामा म्हणायचे, “काय नाय, जरा न्यू जर्सीला वाजवून येतो.”

हे असं ऑगस्टपर्यंत सुखात चाललं. मग एका रविवारी चर्चा संपता संपता परशुरामने खिशातून कागद काढला. डिसेंबरात वर्ग रत्नागिरीला जमणार होता आणि त्या वेळी मामांना मानपत्र द्यायचं सगळ्यांच्या संमतीने ठरलं होतं. मसुदा त्याने वाचून दाखवला. मामा मान खाली घालून ऐकत होते. त्यात एक वाक्य होतं, ‘एकतीस वर्षांत आपला एकही टोल ना क्षणभर आधी पडला, ना क्षणभर नंतर.’ तिकडून टाळ्या आल्या. पत्र्यावर गारा पडाव्यात तशा त्या यंत्रातून ऐकू यायच्या. टाळ्या थांबल्यावर परशुरामने पुढच्या रविवारची वर्दी दिली. वक्त्या मालिनी भिडे, चिपळूणच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका. विषय, माझा शेवटचा पेपर. एप्रिल चौऱ्याहत्तर, केमिस्ट्री.

मोगरी मामांच्या हातून सुटली ती तुळसाच्या पायावर पडली. तुळसा ओरडली नाही. मामांचा चेहरा बघून तिला ओरडायचं सुचलंच नाही.

त्या एप्रिलची हकीकत अशी. अकरा ते दोन पेपर. ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला गेलेलं. अकराचा टोल मामांनी प्राचार्यांच्या सांगण्यावर दिला. प्राचार्य आपलं घड्याळ बघत शेजारी उभे होते. दोनच्या वेळेला प्राचार्य जेवायला घरी गेलेले. मामांनी मनगटाकडे बघितलं, दोन वाजलेले. त्यांनी घसा खाकरला आणि चांगली लांबलचक घंटा दिली. मोगरी खुंटीला लावून कॅन्टीनला गेले, चहा सांगितला. चहा अर्धा झाला असेल, तेवढ्यात कॅन्टीनच्या रेडिओवर दोनच्या बातम्या सुरू झाल्या.

मामांनी कप तसाच खाली ठेवला. आठ वर्षांत मनगटावरच्या घड्याळावर त्यांनी टोल दिलेला नव्हता, आणि दिला तो विद्यापीठाच्या परीक्षेत, शेवटच्या वर्षाला, दहा मिनिटं आधी. पळत मागच्या इमारतीशी आले तर पोरं पायऱ्यांवर प्रश्नपत्रिका उलगडून वाद घालतायत, आणि नळाशी मालिनी भिडे रुमालाने डोळे पुसत उभी. हुशार पोरगी. पहिल्या वर्गात यायची, मुंबईला एम.एस्सी.ला जायची, हे कॉलेजात भिंतींनाही पाठ होतं. जूनमध्ये निकाल लागला. पहिला वर्ग सात मार्कांनी हुकला. मुंबई राहिली. पुढं तिचं चिपळूणला लग्न झाल्याचं मामांच्या कानावर आलं.

सात मार्क दहा मिनिटांत आरामात बसतात, हा हिशेब मामांनी तेव्हाच मांडला होता. कुणी तक्रार केली नाही, कुणी चौकशी केली नाही, म्हणून त्यांनीही तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर नोकरी गेली असती असंही नव्हे. पण ‘बघा, शेवटी’ असं कुणीतरी म्हणालं असतं. त्या दोन शब्दांना ते घाबरले. आणि तीस वर्षं घाबरलेले राहिले. आता रविवारच्या वर्गात मालिनीबाई असायच्या, क्वचित प्रश्न विचारायच्या, आणि त्यांचा आवाज आला की मामा उगाच परात पुसायला घ्यायचे.

तो आठवडा मामांनी कसा काढला ते आळीने डोळ्यांनी बघितलं. सोमवारी त्यांनी परशुरामला दाढ दुखते म्हणून कळवलं. परशुराम म्हणाला, घंटा दाताने थोडीच वाजवायची आहे. मंगळवारी त्यांनी भाट्याला चुलतभावाकडे जायचं काढलं, तर चुलतभाऊच दुपारी रत्नागिरीला येऊन दारात उभा. तुळसाने सगळीकडे सांगून ठेवलं, की मामांना मानपत्राचं दडपण आलंय, भाषण करावं लागेल म्हणून. आळीचा त्यावर विश्वास बसला, कारण तोवर तुळसाला तरी कुठं काय ठाऊक होतं.

गुरुवारी दुपारी नंदामामी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मामा समोर येऊन बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. घड्याळ पुढं का आणि कसं, इथपासून ते नळाशी उभ्या पोरीपर्यंत. मामींचा हात थांबला नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी सुपातला एक खडा बाजूला टाकला.

“घड्याळ दहा पुढं हाय ते मला ठाऊक हाय,” मामी म्हणाल्या.

“तुला?” मामा चपापले. “कधीपासून?”

“लगीन झालं त्या आठवड्यापासून. तुमचा चहा कधी टाकायचा ते कशावरून ठरवते मी?”

“आणि आणखी कुणाला ठाऊक हाय?”

मामींनी सूप पाखडायला घेतलं. पाखडताना त्यांना ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पाखडून झाल्यावर म्हणाल्या, “त्या बाईंनी सांगितल्यावर कबूल केलंत तर ती लबाडी होईल. आधी सांगितलंत तर चूक. रविवारी जावा आणि आधी सांगा.”

“आणि मानपत्र?”

“मानपत्रात काय भात शिजवायचाय?”

रविवार आला. मामांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. परात त्या दिवशी काखेत नव्हती, पोटाशी धरलेली होती. तुळसाकडे परशुराम आधीच येऊन स्पीकर लावून बसला होता. साडेसातला एकेक आवाज येऊ लागला. मस्कत आलं, न्यू जर्सी आली, पुण्यातले तिघं आले. मग चिपळूण. मालिनीबाईंचा आवाज शाळेत कमावलेला, एक शब्द दुसऱ्याला चिकटायचा नाही.

मामांनी ठरवलं होतं की सुरुवातीलाच बोलायचं. पण परशुरामने स्वागत केलं, अभयने प्रस्तावना केली, आणि मामांचा घसा खाकरून होईतो बाईंनी सुरुवात केली देखील. त्या छान बोलत होत्या. आदल्या संध्याकाळी दिवे गेले होते ते, आईने पेपरला निघताना हातावर दही घातलं होतं ते, प्रश्नपत्रिका हातात आल्यावर बोटं गार पडली ते. मामा ऐकत होते आणि भिंतीवरचा काटा बघत होते. पाच मिनिटं झाली. सात झाली. प्रत्येक वाक्याला त्यांना वाटे, की आता हिचा श्वास संपेल तेवढ्यात बोलू, पण बाई श्वासही वाक्याच्या पोटात घ्यायच्या.

“सुपरव्हायझर आमचे बेहेरे सर होते,” बाई सांगत होत्या. “मी सप्लिमेंट मागायला हात वर केला. अजून वेळ होता, निदान मला तसं वाटत होतं. आणि तेवढ्यात…”

मामांनी मोगरी उचलली आणि परातीच्या कडेला नव्हे, बरोबर मध्यावर लांबलचक घंटा दिली.

परशुराम खुर्चीसकट वळला. तुळसाचा माइक धरलेला हात तसाच राहिला. भिंतीवरच्या घड्याळात नऊ मिनिटं झाली होती.

“मामा,” चिपळूणहून आवाज आला, “माझी अजून अकरा मिनिटं आहेत.”

कुणीतरी हसलं. मामांनी तुळसाच्या हातातला माइक स्वतःकडे ओढला. इतक्या महिन्यांत ते त्यात कधी बोलले नव्हते.

“बाई, मी भिकू तांबे. आत्ता वाजवली ती मुद्दाम वाजवली. चूक ती होती, चौऱ्याहत्तरची. तुमच्या पेपराला मी दहा मिनिटं आधी टोल दिला. माझं घड्याळ पुढं होतं, भिंतीवरचं दुरुस्तीला गेलेलं, आणि मी तशीच घंटा दिली. तुमची सात मार्कं माझ्या हातून गेली. मी तुम्हाला नळाशी रडताना बघितलं होतं. तीस वर्षं बोललो नाय. ते मानपत्र मला देऊ नका.”

इतकं बोलून त्यांनी माइक परत तुळसाच्या हातात दिला, आणि परातीत पोचा आला का ते बघू लागले.

पलीकडून काही येईना. तुळसाने वाकून वायर तपासली, ती जागेवर होती. मामांना वाटलं, झालं, सगळे उठून गेले. मग अभयचा आवाज आला, पण तो बोलण्याचा नव्हता. तो हसू दाबायचा प्रयत्न करत होता आणि त्याला ते जमत नव्हतं.

“अभय, थांब जरा,” मालिनीबाई म्हणाल्या. “मामा, तुम्ही घंटा दिल्यावर कुठं गेलात?”

“चहाला.”

“म्हणून तुम्हाला कळलं नाही. मी तेच सांगणार होते, तर तुम्ही मधेच वाजवलीत. ऐका. घंटा झाली तशी आम्ही सगळे उठलो. बेहेरे सरांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं आणि म्हणाले, बसा खाली. भिकूचं घड्याळ वाजलंय, विद्यापीठाचं अजून वाजायचंय. आम्ही बसलो आणि दोन वाजेपर्यंत लिहीत होतो. एक मिनिट कमी मिळालं नाही.”

मामा परशुरामकडे बघत राहिले. परशुरामने मान हलवली. तोही त्याच हॉलमध्ये होता, तिसऱ्या बाकावर.

“सरांना कसं कळलं?” मामांनी विचारलं. माइक तुळसाकडेच होता, तिने तो पुढं केला.

“काय कसं कळलं? तुमचं घड्याळ दहा पुढं असतं हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं, मामा. तुम्हाला वेळ विचारली की आम्ही दहा वजा करायचो. प्राचार्यसुद्धा करायचे.”

“आणि मग रडत का होतात?”

इथं बाई पहिल्यांदा अडखळल्या. “सहावा प्रश्न मी ऑप्शनला टाकला होता. अख्खा धडा उघडला नव्हता, आणि नेमका तोच कम्पल्सरी आला. सप्लिमेंट घेतली ती नुसती शोभेला. ही गोष्ट मी घरात आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही. माझ्या शाळेतल्या मुलांना तर मी सांगते, काही ऑप्शनला टाकू नका.”

आता मात्र सगळे एकदम हसले आणि त्या यंत्रातून नुसता खरखराट आला. त्यात रेणुकाचं काहीतरी ऐकू आलं, की म्हणजे तीस वर्षं एकाच पेपरची दोन गुपितं दोन गावांत सांभाळली गेली. तुळसाने पदराने डोळे पुसले. ती कशाला रडत होती हे तिलाही सांगता आलं नसतं, पण दुसऱ्या दिवशी आळीत सांगताना ती या जागी दर वेळी पुसायचीच.

मामा केबिनमधल्या स्टुलावर टेकले. त्यांनी पाणी मागितलं आणि अख्खा तांब्या रिकामा केला. छातीत इतकी वर्षं जे घट्ट बसलं होतं ते सुटल्यावर तिथं काय ठेवायचं ते त्यांना कळत नव्हतं. शर्टाचं वरचं बटण त्यांनी काढलं.

“मला कुणी काय बोललं का नाय, बाई?”

“सरांनी बजावलं होतं. म्हणाले, हा माणूस आठ वर्षं आपल्या सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडतो. त्याला याबद्दल कुणी एक शब्द बोलायचा नाही. म्हणून नाही बोललो.”

मामांनी जरा विचार केला. “बोलला असतात तर बरं झालं असतं.”

बाई एवढंच म्हणाल्या, की आता माझी राहिलेली मिनिटं मला द्या. मामांनी मोगरी मांडीवर आडवी ठेवली. बाई पुन्हा बोलू लागल्या. सहावा प्रश्न, निकाल, मुंबई राहिली म्हणून धरलेला रुसवा, आणि मग चिपळूणच्या शाळेत पहिल्या दिवशी फळ्याकडे वळल्यावर तो कुठं गेला ते. पंधरा मिनिटं झाली, टोल नाही. अठरा झाली, टोल नाही. परशुरामने दोनदा वळून बघितलं. वीसला वाजायची घंटा वाजली ती तिसाला. मामा विसरले की त्यांनी मुद्दाम दहा मिनिटं जास्त दिली, याचा निकाल आळीत अजून लागलेला नाही. नंदामामींचं मत, की विसरले. त्यांना परातीतला पोचा दिसला होता, त्या रागात होत्या.

मानपत्राचं त्याच बैठकीत ठरलं. सरांच्या हुकमाला जागून परशुरामने लिहिलेलं ‘ना क्षणभर आधी’ एवढं खोडायचं आणि बाकीचं ठेवायचं, असं मालिनीबाईंनी सुचवलं. कॉलेजात मामांचा टोल कधीच उशिरा पडला नाही. हे वाक्य मामांनी दोनदा म्हणून घेतलं आणि मगच मान्य केलं. घरी जाताना परात पुन्हा काखेत आली होती. वाटेत ज्याने विचारलं त्याला त्यांनी थांबवून सगळं सांगितलं, आणि ज्याने विचारलं नाही त्यालाही.

सोमवारी सकाळी मामांनी पहिलं काम कुठलं केलं, तर रेडिओपुढं बसून घड्याळ बरोबर लावलं. आता कशाला पुढं ठेवायचं? सगळ्यांना ठाऊकच आहे, आणि घाईही कुठं जायची राहिलेली नाही. सुटल्यासारखे ते अंगणात येऊन उभे राहिले. भिंतीपलीकडून धोंडूने रोजच्यासारखी वेळ विचारली. मामांनी घसा खाकरला, म्हणाले, सात वीस. धोंडूने रोजच्यासारखे दहा वजा केले, चहा बशीत ओतून फुंकून फुंकून प्याला, आणि स्टँडवर पोचला तेव्हा पावसची गाडी खाडीच्या पुलाकडे लागली होती.

मंगळवारी तसंच. बुधवारी धोंडूबरोबर आणखी दोघांच्या गाड्या चुकल्या, आणि आळीतल्या काशीच्या गॅसवरचं दूध उतू गेलं, कारण तीही मामांना विचारूनच शेजारी जाऊन यायची. गुरुवारी सकाळी धोंडू पिशवी खांद्याला लावून सरळ मामांच्या अंगणात आला.

“मामा, तुमचं घड्याळ बिघडलंय.”

“नाय. सोमवारीच बरोबर लावलंय.”

“तेच म्हणतोय मी.”

मामांनी धोंडूकडे बघितलं. मग भिंतीवरून डोकावणाऱ्या काशीकडे, आणि रस्त्यात उगाच थांबलेल्या आणखी दोघांकडे. इतकी वर्षं कुणाकुणाच्या गाड्या, दुधं आणि शाळा त्यांच्या मनगटावर चालल्या होत्या ते त्यांना आत्ता एकदम दिसलं. त्यांनी हात पुढं धरला, सगळ्यांना दिसेल असा. घड्याळाची चावी ओढली, काटा दहा मिनिटं पुढं आणला, चावी आत दाबली आणि घसा खाकरला.

“साडेसात,” मामा म्हणाले.

धोंडूने मान डोलवली आणि ऐटीत, अजिबात न पळता, स्टँडच्या दिशेने निघाला.